रायगड : कड्यांच्या कथा, दगडांची साक्ष

महाडहून पाचाडच्या दिशेने निघालेला प्रवासी काही वेळाने आपोआप मान वर करतो. समोर उभा असतो तो काळ्या पाषाणाचा, चहूबाजूंनी तुटलेला, सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून किंचित अलग पडलेला रायगडाचा डोंगर. एका अंगाने काळ नदीचे खोरे, दुसऱ्या अंगाने गांधारीचे आणि मधोमध समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंचीवर विसावलेला विस्तीर्ण माथा. पावसाळ्यात या कड्यांवरून शुभ्र धारा कोसळतात, उन्हाळ्यात तोच कातळ तापून निघतो. त्याकडे पाहताना प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न येतो. इथून खरोखरच कोणी उतरले असेल का?

हा प्रश्न आजचा नाही. रायगडाच्या साडेतीनशे वर्षांच्या इतिहासात तो पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे. बखरकाराने त्याचे एक उत्तर दिले, इंग्रज वकिलाने दुसरे दिले, मोगलांच्या वेढ्याने आणि इंग्रजांच्या तोफांनी आणखी वेगळी उत्तरे शोधली. गडाखालच्या वाड्यांतील माणसांनी मात्र आपले उत्तर कथांमधून दिले. रायगड पाहायला जाणाऱ्याने ही सारी उत्तरे सोबत घेऊन गड चढावा. कोणते कागदावर आहे, कोणते दगडावर आहे आणि कोणते केवळ लोकांच्या ओठांवर आहे, हे ठाऊक असले म्हणजे गडावरील भग्न अवशेष अधिक बोलके होतात.

रायरीचा रायगड

या डोंगराचे जुने नाव रायरी. जावळीच्या चंद्रराव मोऱ्यांच्या ताब्यात तो होता. १६५६ च्या प्रारंभी शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, तेव्हा मोरे रायरीच्या आश्रयास गेले. त्याच वर्षी रायरीही स्वराज्यात आली. पुढे राजधानीसाठी याच डोंगराची निवड झाली. राजगड सोडून इतक्या एकाकी डोंगरावर राजधानी नेण्याचे कारण काय, याचे उत्तर कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत मिळते. सतराव्या शतकाच्या अखेरीस, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे ही बखर लिहिली गेली. महाराजांनी हा डोंगर पाहिला तेव्हा त्याचे कडे एकाच तासीव धोंड्यासारखे दिसले, पावसाळ्यातसुद्धा त्यांवर गवत उगवत नाही, असे सभासद सांगतो. दौलताबादचा किल्ला उत्तम खरा, पण उंचीने कमी, अशी तुलनाही तो करतो आणि तख्तासाठी हीच जागा योग्य, असा महाराजांचा निर्णय नोंदवतो.

६ जून १६७४, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ या दिवशी रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक झाला. काशीचे विद्वान गागाभट्ट या सोहळ्याचे मुख्य पुरोहित होते. या समारंभास ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन उपस्थित होता आणि त्याने लिहिलेला वृत्तांत आजही उपलब्ध आहे. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंस सोन्याचा मुलामा दिलेल्या भाल्यांवर लावलेली राजचिन्हे त्याने पाहिली. माशांची शीर्षे, घोड्यांच्या शेपट्या आणि न्यायाचे प्रतीक असलेला सोन्याचा तराजू यांचा त्यात उल्लेख आहे. राजवाड्याच्या दरवाजाशी दोन लहान हत्ती व दोन उमदे घोडे पाहून तो चकित झाला. इतक्या अवघड वाटेने ही जनावरे वर आली कशी, हे कोडे त्याला सुटले नाही. हत्ती पिल्लू असतानाच वर आणले आणि गडावरच वाढवले, असा खुलासा आजही गडावर ऐकायला मिळतो. ही मात्र लोकांची समजूत आहे, कागदोपत्री नोंद नव्हे.

त्याच वेळच्या इंग्रजी वृत्तांतात गडाच्या बळकटीविषयीचा अभिप्रायही आहे. वर जाण्यास एकच वाट, तीही दरवाजांनी व तटाने रोखलेली, बाकी सर्व बाजूंनी सरळ तुटलेला कडा. आतल्याच कोणी दगा दिला तरच हा गड पडेल, असा त्याचा आशय. सभासदाच्या लेखी या कड्यावर गवत उगवत नाही आणि इंग्रजांच्या लेखी तो फितुरीवाचून अजिंक्य आहे. गडाच्या बळाविषयी स्वकीय आणि परकीय यांचे असे एकमत होते.

हिरकणी आणि तिचे कडे

आता याच कड्याविषयी लोक काय सांगतात ते पाहू. हिरकणी ही गडाच्या पायथ्याच्या वाडीतील गवळण. रोज सकाळी दूध घेऊन वर यायचे आणि दिवस मावळण्यापूर्वी खाली परतायचे, हा तिचा नेम. कोजागिरीच्या दिवशी तिला उशीर झाला. सांज झाली, तोफ झाली आणि गडाचे दरवाजे बंद झाले. एकदा बंद झालेला दरवाजा सूर्योदयापूर्वी उघडायचा नाही, असा कडक दंडक. घरी तान्हे मूल. पहारेकऱ्यांची विनवणी करून ती थकली आणि अखेर चांदण्यात पश्चिमेकडील कडा उतरून घरी पोचली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दरवाजाशी उभी राहिली तेव्हा अंगावरच्या खरचटलेल्या खुणांनी सारी हकिगत उघड झाली. महाराजांनी तिचा साडीचोळी देऊन सन्मान केला, जेथून ती उतरली तेथे बुरूज बांधला आणि त्याला तिचेच नाव दिले, अशी ही कथा.

या घटनेला समकालीन कागदपत्रांचा आधार आढळत नाही. परंतु कथेतील व्यवहार नीट पाहिला तर तो गडाच्या दिनक्रमाशी जुळणारा आहे. राजधानीला रोज दूध, भाजी, लाकूडफाटा लागत असणार आणि तो खालच्या वाड्यांतूनच येत असणार. सूर्यास्ताला दरवाजे बंद करण्याचा शिरस्ता किल्ल्यांवर होताच. कथेचा शेवटही विचार करण्याजोगा आहे. राजाला आईचे कौतुक वाटते, पण किल्लेदाराच्या दृष्टीने तिने गडाची एक उणीव दाखवून दिलेली असते. म्हणूनच कौतुकाबरोबर बुरूजही बांधला जातो. ममतेचा गौरव आणि कड्याचा बंदोबस्त या दोन्ही गोष्टी एकाच बांधकामात साधल्या जातात.

हिरकणी आज केवळ रायगडापुरती राहिलेली नाही. शालेय पाठ्यपुस्तकांतून ती पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. एसटीच्या निमआराम गाड्यांना तिचे नाव मिळाले. बसस्थानकांवर आणि कार्यालयांत बाळाला अंगावर पाजण्यासाठी राखून ठेवलेल्या खोलीला ‘हिरकणी कक्ष’ म्हणतात. २०१९ मध्ये तिच्यावर मराठी चित्रपटही आला. एका अनामिक गवळणीच्या घाईची ही कथा महाराष्ट्राच्या नित्य व्यवहारात इतकी मिसळून गेली आहे, की ती घडली की नाही या प्रश्नापेक्षा ती इतकी टिकली का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

कडा चढणारा आणि वाऱ्यावर उतरणारा

हिरकणी एकटी नाही. रायगडाच्या कड्यांविषयी आणखी काही कथा आहेत. इंग्रजी अमदानीत १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये अशी एक कथा नोंदवलेली आहे. गडाचे बांधकाम पूर्ण झाल्यावर महाराजांनी सभा भरवली आणि दरवाजाची वाट सोडून, दोर वा शिडी न लावता जो गड चढून येईल त्याला मोहरांची थैली व सोन्याचे कडे बक्षीस देण्याचे जाहीर केले. एक महार तरुण पुढे झाला. निशाण घेऊन तो खाली उतरला आणि कड्याकडून चढून त्याने ते वर फडकावले. त्याला बक्षीस मिळाले आणि त्याची वाट बांधकामाने बंद करण्यात आली.

हिरकणीच्या कथेशी हिचे साम्य उघड आहे. दोन्हींत गडाच्या बळाची परीक्षा घेतली जाते ती परकीय शत्रूकडून नव्हे, तर पायथ्याशी राहणाऱ्या सामान्य माणसाकडून. सरदार, कारभारी, पंडित यांची नावे कागदपत्रांत आली. दूध घालणारी स्त्री आणि डोंगराची नस न्‌ नस जाणणारा तरुण यांना कागदपत्रांत जागा नव्हती, ती त्यांना कथांनी दिली. ज्या कड्यावर गवतही उगवत नाही असे बखर सांगते, त्या कड्यावरून आमची माणसे गेली-आली, हे गडाखालच्या लोकांचे सांगणे आहे.

तिसरी कथा टकमक टोकाची. गडाच्या उत्तरेकडे निमुळत्या होत गेलेल्या या सुळक्यावरून गुन्हेगारांचा कडेलोट केला जाई, असे परंपरा सांगते. येथे वारा इतका असतो की धडधाकट माणसालाही पाय रोवून उभे राहावे लागते. महाराज एकदा येथे आले असता छत्री धरणारा सेवक वाऱ्याने उचलला गेला. त्याने छत्री सोडली नाही आणि तो तरंगत खाली निजामपूर गावात सुखरूप उतरला. तेव्हापासून त्या गावाला छत्री निजामपूर म्हणू लागले, अशी ही गोष्ट. ती ऐकून हसू येते. पण टोकावर गेल्यावर कानांत घुमणारा वारा ऐकला म्हणजे अशी गोष्ट येथेच का जन्मली, हे कळते. गावाचे नाव मात्र आजही छत्री निजामपूर असेच आहे.

गड पडला तो कसा?

कडा अजिंक्य असला तरी गड दोनदा परक्यांच्या हाती गेला आणि दोन्ही वेळा तो कडा चढून गेला नाही. ३ एप्रिल १६८० रोजी शिवाजी महाराजांचे रायगडावरच निधन झाले. १६८१ च्या जानेवारीत संभाजी महाराजांचा राज्याभिषेकही येथेच झाला. १६८९ मध्ये संभाजी महाराजांच्या हत्येनंतर मोगल सरदार इतिकादखान याने रायगडाला वेढा घातला. मार्चच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या प्रारंभापर्यंत हा वेढा चालला. राजाराम महाराज एप्रिलमध्येच गडावरून निसटले आणि पुढे जिंजीला पोचले. ते पूर्वेकडील वाघ दरवाजातून उतरून गेले, असे परंपरेने मानले जाते. महाराणी येसूबाई लहानग्या शाहूंसह गडावर राहिल्या. गड पडल्यावर ही माय-लेकरे मोगलांच्या कैदेत गेली आणि येसूबाईंना स्वराज्यात परतायला १७१९ साल उजाडावे लागले. गड फितुरीने पडला, की वाटाघाटींनी दिला गेला, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मोगलांनी त्याचे नाव इस्लामगड ठेवले आणि इतिकादखानाला झुल्फिकारखान हा किताब मिळाला.

१७३३ मध्ये रायगड पुन्हा मराठ्यांकडे आला. त्यानंतर १८१८ च्या उन्हाळ्यात, पेशवाईच्या अखेरच्या दिवसांत, कर्नल प्रॉथरच्या फौजेने त्याला वेढले. दुसऱ्या बाजीरावांच्या पत्नी वाराणसीबाई तेव्हा गडावर होत्या. इंग्रजांनी कडा चढण्याचा प्रयत्नच केला नाही. समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून त्यांनी तोफा डागल्या. लांब पल्ल्याच्या तोफांपुढे कड्याची उंची निरुपयोगी ठरली. भडिमाराने गडावर आग लागली, लाकडी बांधकामे जळाली आणि मे महिन्यात गड इंग्रजांच्या स्वाधीन झाला. आज राजवाड्याच्या जागी नुसती जोती का दिसतात, याचे मोठे कारण या आगीत आहे. भिंती, माड्या, छपरे गेली, त्यांच्याबरोबर आत काय होते याची खात्रीही गेली. उरलेल्या दगडांभोवती म्हणूनच इतक्या कथा जमा झाल्या.

गडावर काय पाहाल?

पायऱ्यांच्या वाटेने निघाल्यास प्रथम चित दरवाजाची जागा आणि खुबलढा बुरूज लागतो. त्यापुढे सुमारे दीड हजार पायऱ्यांची चढण आहे. सवयीचा माणूस ती दीड-दोन तासांत चढतो. या वाटेवरचे सर्वांत मोलाचे ठिकाण म्हणजे महादरवाजा. दोन प्रचंड बुरुजांच्या कुशीत तो असा दडवलेला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. वरच्या तटावरून मारा करणाऱ्याला शत्रू उघडा सापडावा आणि हत्तीला धडक देण्यासाठी धाव घेता येऊ नये, हे या रचनेचे मर्म. हिरकणीची कथा ज्या बंद दरवाजाभोवती फिरते तो दरवाजा हाच, असे मनाशी धरून त्याच्या आतल्या देवड्या पाहाव्यात.

हिरकणीवाडीहून वर जाणारा रज्जुमार्ग १९९६ पासून सुरू आहे. सुमारे ७५० मीटर लांबीचा हा मार्ग चार-पाच मिनिटांत ४०० मीटर उंची गाठतो. वृद्ध आणि लहान मुले यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. मात्र त्याने जाणारा प्रवासी थेट राणीवशाच्या बाजूला पोचतो आणि महादरवाजा त्याच्या वाटेत येतच नाही. शक्य असल्यास वर रज्जुमार्गाने जावे आणि उतरताना पायऱ्यांची वाट घ्यावी. तटबंदीची योजना समजण्यास तेवढे पुरेसे आहे.

माथ्यावर हत्ती तलाव आणि गंगासागर हे दोन मोठे तलाव आहेत. राज्याभिषेकासाठी आणलेले तीर्थजल गंगासागरात मिसळले, असे सांगतात. त्याच्या काठाशी असलेले दोन उंच मनोरे गडाची ओळख बनले आहेत. पालखी दरवाजातून आत गेल्यावर बालेकिल्ल्यात राणीवसा, राजवाडा आणि कारखान्यांची जोती दिसतात. राजसभा सुमारे २२० फूट लांब व १२४ फूट रुंद आहे. सिंहासनाची जागा आणि नगारखान्याचे भव्य प्रवेशद्वार एकमेकांसमोर आहेत. नगारखान्यापाशी हळू आवाजात बोललेले सिंहासनापाशी ऐकू येते, हा प्रयोग अनेक वाटाडे करून दाखवतात. छत राहिले नसतानाही हा प्रयोग साधतो, हे विशेष.

नगारखान्याबाहेर होळीचा माळ आणि गडदेवता शिरकाईचे मंदिर आहे. पलीकडे दोन रांगांत समोरासमोर प्रत्येकी बावीस गाळ्यांची बाजारपेठ आहे. घोड्यावर बसूनच खरेदी करता यावी म्हणून दुकानांची जोती उंच ठेवली, असे येथे हमखास सांगितले जाते. रायगडावरील पाऊस पाहिलेल्याला उंच जोत्याचे आणखी एक कारण सहज सुचते. शिवाय हे गाळे दुकाने नसून राहण्याच्या वा कचेरीच्या जागा असाव्यात, असेही मत काही अभ्यासकांनी मांडलेले आहे. घोड्यावरच्या गिऱ्हाइकाचे चित्र मोहक असले तरी ते सिद्ध झालेले नाही, हे लक्षात ठेवावे.

पायरीवरचे नाव

कथा आणि पुरावा एकमेकांना भिडतात ते जगदीश्वराच्या मंदिरात. मंदिराच्या भिंतीवरील संस्कृत शिलालेखात शके १५९६, आनंदनाम संवत्सर असा काळ दिलेला आहे. महाराजांच्या आज्ञेवरून हे बांधकाम झाल्याचे त्यात सांगितले असून विहिरी, तलाव, बागा, रस्ते, राजवाडे अशा गडावरील कामांचा निर्देश आहे. चंद्रसूर्य असेपर्यंत ही वास्तू नांदो, अशी इच्छाही त्यात व्यक्त केली आहे. हे बांधकाम करणाऱ्या हिरोजीचे नाव त्यात आलेले आहे. हाच हिरोजी इंदुलकर. मंदिराच्या प्रवेशाजवळच्या पायरीवर दुसरा, अगदी लहानसा लेख मराठीत कोरलेला आहे. सेवेसाठी सदैव तत्पर असलेल्या हिरोजीचे नाव एवढाच त्याचा मजकूर. तेथे आडनाव इटळकर असे वाचले जाते.

या पायरीची कथा सर्वांना ठाऊक आहे. गड पाहून प्रसन्न झालेल्या महाराजांनी हिरोजीला काय हवे ते माग म्हटले. त्याने जहागीर मागितली नाही. दर्शनाला येताना आपल्या पायांची धूळ माझ्या नावावर पडावी म्हणून एका पायरीवर नाव कोरण्याची परवानगी द्यावी, एवढेच त्याने मागितले. हा संवाद कोणी लिहून ठेवलेला नाही. पायरी मात्र आहे, अक्षरे आहेत आणि ती वाचता येतात. राजधानी उभारणाऱ्याने आपले नाव पायाखालच्या दगडावर का कोरले असेल, याचा खुलासा करण्यासाठी कथा जन्मली असावी. हिरकणीच्या बाबतीत कथा आहे पण लेख नाही. हिरोजीच्या बाबतीत लेख आहे आणि कथा त्याच्या आधाराने उभी आहे. दंतकथांचे हे दोन प्रकार एकाच गडावर पाहायला मिळतात.

मंदिरासमोर महाराजांची अष्टकोनी समाधी आहे. १८६९ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी महाराजांवरील पोवाडा प्रसिद्ध केला. समाधीच्या दुरवस्थेकडे जेम्स डग्लस याने १८८३ च्या आपल्या मुंबईविषयक ग्रंथात लक्ष वेधले होते. १८९५ मध्ये लोकमान्य टिळकांनी समाधीच्या जीर्णोद्धारासाठी चळवळ हाती घेतली आणि १८९६ मध्ये गडावर पहिला उत्सव झाला. समाधीवरील आजचे छत्र १९२६ च्या सुमारास पूर्ण झाले.

समाधीजवळच्या उंच चौथऱ्यावर वाघ्या कुत्र्याचे शिल्प आहे. महाराजांच्या चितेत उडी घेणाऱ्या इमानी कुत्र्याची ही कथा राम गणेश गडकरी यांच्या ‘राजसंन्यास’ नाटकामुळे सर्वदूर पोचली, असे मानले जाते. शिल्प १९३६ मध्ये उभारले गेले. समकालीन साधनांत वाघ्याचा उल्लेख नाही, या आक्षेपावरून ऑगस्ट २०११ मध्ये काही कार्यकर्त्यांनी ते हटवले आणि विरोधानंतर ते पुन्हा बसवण्यात आले. २०२५ मध्ये हा वाद नव्याने उफाळला. दंतकथा ओठांवर असते तोवर ती कोणाच्या आड येत नाही. ती दगडात घडवून इतिहासाच्या शेजारी उभी केली, की तिच्याकडे पुरावा मागितला जातो. हिरकणीकडे तो कोणी मागत नाही, कारण तिच्या नावाचा बुरूज मुळात गडाच्या रक्षणासाठीच आहे.

आजचा रायगड

कुलाबा जिल्ह्याला १९८१ मध्ये या गडाचे नाव मिळाले. रायगड हे केंद्रीय संरक्षित स्मारक असून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीत आहे. राज्य शासनाने त्याच्या संवर्धनासाठी रायगड विकास प्राधिकरण स्थापन केले. तलावांतील गाळ काढणे, पायऱ्यांची दुरुस्ती, उत्खनन अशी कामे अलीकडच्या वर्षांत झाली आहेत. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातील व एक, जिंजी, तामिळनाडूतील आहे. राजधानी रायगड आणि राजाराम महाराजांनी आश्रय घेतलेली जिंजी हे दोन्ही किल्ले एकाच यादीत आले, ही या इतिहासाला साजेशीच गोष्ट म्हणावी लागेल.

या मानाबरोबर गर्दी वाढणार आणि गर्दीबरोबर जोखीमही. जुलै २०२४ मध्ये मुसळधार पावसात पायऱ्यांच्या वाटेवरून पाण्याचे लोट वाहू लागले आणि पर्यटक अडकून पडले. त्यानंतर ही वाट काही काळ बंद ठेवावी लागली. दगडांवर नावे कोरण्याची खोडही अजून गेलेली नाही. संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ज्या गडाच्या शिल्पकाराने आपले नाव पायरीवर ठेवण्यात धन्यता मानली, त्या गडाच्या भिंतींवर आपले नाव खरडणाऱ्याने क्षणभर त्या पायरीपाशी उभे राहावे.

जाताना लक्षात ठेवावे

मुंबईहून मुंबई-गोवा महामार्गाने महाडला पोचता येते. तेथून गडाचा पायथा सुमारे २५ किलोमीटरवर आहे. पुण्याहून ताम्हिणी घाटमार्गे माणगावला किंवा वरंध घाटमार्गे महाडला यावे. पावसाळ्यात वरंध घाट अनेकदा बंद असतो, त्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी करावी. कोकण रेल्वेची माणगाव आणि वीर ही स्थानके सोयीची आहेत. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. ६ जून, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी आणि चैत्र पौर्णिमेची पुण्यतिथी या दिवशी गडावर अलोट गर्दी असते. सोहळा अनुभवायचा तर त्या दिवशी जावे, गड पाहायचा तर अन्य दिवशी.

सकाळी लवकर चढण सुरू करावी, पाणी सोबत ठेवावे आणि प्लॅस्टिकचा कचरा परत आणावा. टकमक टोक, हिरकणी बुरूज आणि भवानी टोक येथे कठड्यापलीकडे जाऊ नये. छायाचित्रासाठी कड्याच्या टोकावर उभे राहणाऱ्यास छत्रीवाल्या सेवकाचे नशीब लाभेलच असे नाही. परतताना पाचाडला जिजाऊसाहेबांची समाधी आणि त्यांच्या वाड्याचे अवशेष अवश्य पाहावेत. गडावरील थंड वारा मानवत नसल्याने त्या पायथ्याशी राहत, असे सांगितले जाते. राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, त्यांनी येथेच देह ठेवला.

आजही गडाच्या वाटेवर पायथ्याच्या वाड्यांतील स्त्रिया दही, ताक, लिंबू सरबत घेऊन बसलेल्या दिसतात. सकाळी डोक्यावर ओझे घेऊन त्या वर येतात आणि दिवस कलताना खाली उतरतात. दरवाजे आता कोणी बंद करीत नाही, तोफही होत नाही. तरीही उन्हे उतरू लागली की त्यांची आवराआवर सुरू होते, कारण घरी वाट पाहणारे कोणी तरी असते. हिरकणी होऊन गेली की नाही, याचा निवाडा इतिहासकार करतील तेव्हा करोत. महादरवाजाच्या सावलीत बसून त्यांपैकी एकीच्या हातचे ताक पिताना ही कथा गडावर इतकी वर्षे का टिकली, हे वेगळे सांगावे लागत नाही.